तिकीट पाहुण्यानं काढावं

ताई, मागच्या आठवड्यात निशातगंजच्या भाजीवाल्यानं विचारलं, "भाभी, इस बार दीदी नहीं आईं?" मी वांगी निवडत होते. "नहीं आईं," म्हटलं आणि वांगी तशीच टाकून घरी आले. महिना होत आला होता तुम्हाला जाऊन, पण "नहीं रहीं" काही तोंडातून निघत नव्हतं. "नहीं आईं" एवढंच निघायचं. जसं काही तुमची गाडी लेट आहे, दुपारपर्यंत याल.

मे महिना लागला की तुम्ही यायचात. हिंगणघाटच्या शाळेला सुट्टी लागली की तुम्ही गाडीत, आणि रिटायर झाल्यावरही तोच मे महिना धरून. सोबत तुरीची डाळ, तिखटाचा डबा, कुरडया. तुमचा भाऊ चारबाग स्टेशनवर घ्यायला यायचा आणि सामान पाहून कपाळाला हात लावायचा. लोक विचारायचे, मे महिन्यात लखनौला कोण येतं हो मरायला? तुम्ही म्हणायचात, "वर्ध्याच्या उन्हात वाळलेल्या बाईला तुमचं ऊन काय करते बाप्पा!" हातपाय धुऊन, चहा पिऊन झाला की लगेच सुरू, "बोला वहिनी, यंदा काय काय फुकट आहे?"

आमच्याकडे दुसरे पाहुणे काय येत नाहीत? माझा नागपूरचा मामेभाऊ येतो. दिवसभराची गाडी करतो, मॉलमध्ये जेवतो, चौकात चिकनकारीचे कुर्ते घेतो, आणि दोन दिवसांत "फार महाग आहे हो तुमचं लखनौ" म्हणत परत जातो. खोटं नाही ते. आम्ही बदलीवर आलो तेव्हाचं लखनौ आता राहिलेलं नाही. हजरतगंजात नुसता चहा प्यायला बसलं तरी आधी मेनूकार्डाची उजवी बाजू पाहावी लागते. तुमच्यासाठी मात्र हे शहर कधी महाग झालंच नाही.

संध्याकाळी हजरतगंजच्या फुटपाथवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. लखनौवाले त्याला 'गंजिंग' म्हणतात. तुम्ही 'तपासणी' म्हणायचात, आणि खरोखर शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या चालायचात. काचेतल्या साडीपुढे उभं राहून, "ही नेसून बाईनं बसावं कुठं? सगळ्या अंगाला बोचंन." पुढच्या काचेपुढे, "हा रंग चांगला आहे, पण किंमत पाहून फिका पडला." मी हसू दाबत मागे, आणि सोनल दहा पावलं पुढे, आम्ही तिच्या कोणी लागतच नाही अशी.

दुपारी मॉल. विकत काही घ्यायचं नाही, थंड हवा खायची. "हे आपलं चिखलदरा," म्हणायचात. एकदा फर्निचरच्या दुकानात सोफ्यावर बसलात त्या बसलातच. विकणारा पोरगा तीनदा येऊन गेला. शेवटी तुम्हीच त्याला सांगितलंत, "भैया, लेना नहीं है, पर सोफा अच्छा है. मालिक को बता देना." तो बिचारा "जी, बता देंगे" म्हणाला. ताई, मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आता त्या दुकानावरून जाते तेव्हा सोफा आहे का बघते.

आणि चौकातला तो अत्तरवाला! तुम्ही दरवर्षी त्याच्याकडे जायचात, दरवर्षी आधीच सांगायचात, "सिर्फ सूंघना है." तोही दरवर्षी स्टूल पुढे करायचा, "शौक़ से सूँघिए, दीदी." एका मनगटावर खस, दुसऱ्यावर केवडा, मग कोपरावर गुलाब, आणि जागा संपली की माझा हात पुढे ओढायचात. ई-रिक्षात आपल्या दोघींच्या शेजारी बसलेला माणूस शिंकत शिंकत उतरला होता एकदा. आठवतं?

बख्शी का तालाबला तर विमान बघायला. हवाई दलाचं ठाणं आहे तिथे. रस्त्याच्या कडेला आंब्याच्या सावलीत पोळी-ठेच्याची शिदोरी सोडून बसायचं आणि विमान डोक्यावरून गेल्याशिवाय उठायचं नाही. बसचं भाडं तुम्ही खर्चात धरायचा नाहीत. "ते पायाचं भाडं. डोळ्याचं भाडं द्यायचं नाही," हा तुमचा कायदा.

पण पहिल्या वर्षीचा तो किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. आम्हीही तेव्हा नवीनच होतो इथे. सकाळी आपण दोघी भाजीला निघालो आणि रस्त्यावर मांडव दिसला. मोठ्या कढईत पुऱ्या तळताहेत, बटाट्याची भाजी, शरबताचे ड्रम, येईल त्याला जेवण. रिक्षावाले, शाळेची पोरं, स्कूटरवरचे बाबू, सगळे पत्रावळ हातात घेऊन उभे. तुम्ही थबकलात. डोक्यावर पदर घेतलात. हळूच म्हणालात, "कोणीतरी मोठा माणूस गेला दिसते वहिनी. एवढं भोजनदान! चला, भेटून येऊ. शेजारधर्म आहे."

मलाही ते पटलं. आपल्याकडे रस्त्यावर मांडव घालून येईल त्याला जेवू घालतात ते तेव्हाच ना. पुण्यानुमोदन, नाहीतर तेरवी. आणि तुम्ही त्या पुऱ्या काढणाऱ्या माणसासमोर हात जोडून उभ्या राहिलात, आवाज जड करून, "भैया, बहुत दुख हुआ सुनकर. कौन थे?"

त्याच्या झाऱ्यातली पुरी परत कढईत पडली. "अरे माताजी, शुभ-शुभ बोलिए! सब ज़िंदा हैं. आज बड़ा मंगल है!"

मग आख्ख्या मांडवानं आपल्याला समजावून सांगितलं, की जेठ महिन्यातल्या मंगळवारी लखनौत गल्लोगल्ली असे भंडारे लागतात, हनुमानजींच्या नावानं, आणि कोणीही यावं, कोणीही खावं, कोण-कुठला कोणी विचारत नाही. तुमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. घरी आल्यावर तुमच्या भावानं डोळे मोठे केले, "आपण बौद्ध माणसं ताई, हनुमानाचा भंडारा खाऊन आलात?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी हात फक्त त्या भाऊसमोर जोडले, तेही चुकून. प्रसादाची बुंदी घेतली नाही. पण भुकेल्याला वाढलेलं जेवण ते दानच, सुधाकर. त्याले नाही म्हणणं बरं नाही." त्या वर्षापासून दर मंगळवारी तुम्ही लखनौभर शरबत तपासत फिरायचात. कुठलं गोड, कुठलं पांचट. आणि मांडव दिसला की मी तुमच्या कानात, "विचारू का, कोण गेलं?" आणि तुम्ही मला कोपर मारायचात.

एवढं सगळं हसण्यावारी नेलं मी, पण खरं सांगू? आत कुठेतरी मला ते टोचायचं. सुरुवातीला आमची ओढाताण होती. बाबांचं आजारपण, सोनल लहान, पगार पुरत नव्हता. तेव्हा तुम्ही आमच्याकडे बघून फुकट शोधत होतात, एवढं मला कळत होतं. पण नंतर? तुमचा भाऊ वरच्या पदावर गेला, फ्लॅट झाला, सोनल नोकरीला लागली. तरी तुमचं तेच. एक कुल्फी विकत घेऊ द्यायचा नाहीत. मग मनात यायचंच, की ही बाई खरंच मजा करते आहे, की अजून आम्हाला जड होऊ नये म्हणून अंग चोरून राहते आहे? आपल्याच भावाच्या घरी? तुम्ही एकदा तरी काही मागावं, हट्ट करावा, खर्चात पाडावं, असं मला फार वाटायचं हो.

म्हणून तर मागच्या वर्षी मी ठरवलं. इतकी वर्षं तुम्ही बडा इमामबाडा बाहेरूनच बघत होतात. रूमी दरवाज्यापाशी उभं राहून, मान दुखेपर्यंत वर बघून, "झालं पाहून." आत भूलभुलैया आहे, एवढ्या लांबून लोक येतात त्यासाठी, पण तिकीट आहे ना! सोनलला म्हटलं, फोनवरून काढून टाक तिघींची तिकिटं, आत्याला सांगू नकोस. गेटपर्यंत तुम्ही आनंदात होतात. गेटवर सोनलनं फोन पुढे केला आणि तुमचे पाय थांबले.

"मी नाही येत. तुम्ही दोघी जाऊन या."

"ताई, तिकीट काढलंय! वाया जाईल."

"काहून काढलं? तिकीट पाहुण्यानं काढावं. मी काय पाहुणी आहे?"

माझा पारा चढला. "मग काय आहात?" म्हटलं मी. "सांगा ना, काय आहात? आमच्या हातचं काही चालत नाही तुम्हाला!"

"मम्मी, यार, यहाँ मत शुरू हो जाओ," सोनल म्हणाली. मागची रांग आपल्याकडे बघत होती. तुम्ही सरळ मागे वळलात. बाहेर हिरवळीवर जाऊन बसलात. आम्ही आत गेलो, त्या काळोख्या बोळांमधून गाईडच्या मागे फिरलो, आणि मी काय पाहिलं ते विचाराल तर मला काही आठवत नाही. बाहेर आलो तर तुम्ही एका टांगेवाल्याशी गप्पा मारत घोड्याच्या मानेवरून हात फिरवत होतात. "हा घोडा बाराबंकीचा आहे," तुम्ही मला सांगितलंत. जसं काही झालंच नाही! मी येताना रिक्षात तुमच्याशी बोलले नाही.

चारबागला गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून म्हणालात, "वहिनी, तुमचा प्रश्न माझ्या ध्यानात आहे. पुढच्या वर्षी आली की सांगते." मी म्हटलं, "सांगाच." तोऱ्यातच म्हटलं. भांडण अर्ध्यावर ठेवून पुढच्या वर्षी पूर्ण करायचं, ही आपली पद्धतच होती. पन्हं उकडलेल्या कैरीचं की भाजलेल्या, हे भांडण आपण किती वर्षं पुरवलं! घाई कोणाला होती?

आणि मग एप्रिलच्या शेवटी पल्लवीचा फोन. "मामी, आई गेली. दुपारी झोपली ती उठलीच नाही." तुमची लेक रडतही नव्हती, नुसती तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

हिंगणघाटला तुमच्या पुण्यानुमोदनाला मी पंगतीत वाढत होते. त्रिशरण, पंचशील झालं, लोक तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलले, शाळेतल्या कामाबद्दल, समाजातल्या कामाबद्दल. मी ऐकत होते आणि मला राग येत होता. मेल्यावर सगळे सारखेच चांगले होतात. त्यात तुम्ही कुठे होतात? तुमच्या शेजारच्या मंदाबाईंनी माझा हात धरला. "तुम्हीच का लखनौच्या वहिनी?" हो म्हटलं. तर बाईंनी पहिला प्रश्न काय विचारावा? "तो अत्तरवाला बरा आहे ना?"

ताई, तुमच्या गल्लीतल्या बायकांना लखनौ माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे! मॉलमधला सोफा, बाराबंकीचा घोडा, गंजातल्या बोचऱ्या साड्या. सगळ्या मला विचारत होत्या आणि मध्येच पदरानं डोळे पुसत होत्या. मंदाबाई म्हणाल्या, "बाई माहेरी गेल्या की आमची गल्ली महिनाभर सुनी राहे."

"माहेरी?" मी विचारलं.

"अवं, लखनौलेच ना! आम्ही म्हणो, बाई, एवढ्या मोठ्या महागड्या गावी जाता, पैसे टाकून काही पाहत काहून नाही? तं म्हणत, मंदे, माहेरी कोणी तिकीट काढून फिरते का? तिकीट पाहुण्यानं काढावं."

माझ्या हातातलं भाताचं पातेलं मी खाली ठेवलं. वाढायला दुसऱ्या कुणालातरी सांगितलं आणि तुमच्या मागच्या अंगणात जाऊन रडले. चांगली हुंदके देऊन रडले, लपवत नाही.

आई-बाबांच्या मागे गावात कोणी उरलं नाही. भाऊ एकच, तोही इतक्या लांब. मला वाटायचं तुमचं माहेर संपलं. आणि तुम्ही ते उचलून आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं होतं, मला न विचारता! तुम्ही आलात की सकाळी उशिरापर्यंत लोळायचात, डोक्याला तेल घालून घ्यायचात, "वहिनी, आज पिठलं करा" म्हणायचात. मला वाटायचं नणंद आहे, हुकूम सोडते आहे. ते लाड होते. तुम्ही करून घेत होतात आणि मी करत होते, आणि मलाच त्याचं नाव माहीत नव्हतं. माहेर भावजयीच्या हातात असतं म्हणतात. मी मात्र तुम्ही हट्ट करावा म्हणून वाट पाहत बसले. एवढा मोठा हट्ट इतकी वर्षं चालला होता, तो दिसला नाही.

पण ताई, राग आहे माझा तुमच्यावर. आहेच. मंदाबाईला सांगितलंत, गल्लीला सांगितलंत, बाराबंकीच्या त्या घोड्यालाही सांगितलं असेल. मला सांगायला एक वर्ष थांबायचं काय अडलं होतं? गेटवर सांगितलं असतंत तर मीही ती तिकिटं फाडून, म्हणजे फोनवरची कशी फाडतात कोण जाणे, तुमच्याशेजारी हिरवळीवर बसले असते.

लखनौला परत आले आणि तुमच्या भावाला म्हटलं, इथे पण करायचं. तो म्हणाला, "तिकडे झालं ना सगळं रीतसर?" मी म्हटलं, "ते सासरचं झालं. माहेरचं नको?"  तो उठून आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर एवढंच म्हणाला, "मंगळवारी नको पण. आणि काय करायचं?"

"पन्हं," मी म्हटलं. "उकडलेल्या कैरीचं. गूळ-वेलदोड्याचं. ताईंचंच."

बख्शी का तालाबच्या त्या आंब्याच्या रस्त्यावरून कैऱ्या आणल्या. रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेबल, त्यावर दोन मोठी पातेली, स्टीलचे ग्लास. सोनल म्हणाली, "मम्मी, आज मंगल तो है नहीं, कोई आएगा भी?" मी म्हटलं, "लखनौ आहे हे. आत्यानं शिकवलं नाही का तुला?" तुमच्या भावानं फोटो आणला होता तुमचा, हार घालून. मी तो परत आत ठेवायला लावला. फोटो पाहिला की लोक तोंड पाडून पितात. तुम्हाला ते चाललं नसतं.

आणि आले हो! रिक्षावाले आले, डिलिव्हरीवाली पोरं आली, क्लासला जाणाऱ्या मुली आल्या. "ये कैसा पन्ना है, मीठा?" म्हणत दोन-दोन ग्लास प्यायले. भाजीवाला आला, त्याला सगळं सोनलनंच बाजूला नेऊन सांगितलं. बाकी कोणी काही विचारलं नाही. जेठातलं लखनौ, फुकट वाटणाऱ्याला कारण विचारायची इथे रीतच नाही. ग्लास घ्यायचा, "बढ़िया है" म्हणायचं, पुढे जायचं. सकाळभर मी हसून ग्लास भरत राहिले, आणि मनातून मात्र मला फार वाटत होतं की कोणीतरी विचारावं. एकानं तरी विचारावं.

ऊन चढलं, दुसऱ्या पातेल्याचा तळ दिसायला लागला, तेव्हा एक बाई आली. हातात कापडी पिशवी, पायावर धूळ, कुठल्यातरी गावाहून लखनौ पाहायला नाहीतर कामाला आलेली. टेबलासमोर थबकली. पातेल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डोक्यावर पदर घेतला. आणि दोन्ही हात जोडून, आवाज खाली करून म्हणाली, "आज मंगल तो है नहीं, बहन. कोई गुज़र गया क्या?"

सोनलनं माझा हात घट्ट धरला. तुमचा भाऊ खाली मान घालून ग्लास विसळत राहिला.

"हाँ," मी म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं. "मेरी ननद नहीं रहीं."

"यहीं की थीं?"

"नहीं," मी म्हटलं. "लखनऊ मायका था उनका."